‘व्हेरी नाइस’च्या पुढे काय? छंदांवरच्या एका अडलेल्या इंग्रजी संभाषणाचा अभ्यास

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक वर्गात ‘छंद आणि फावला वेळ’ हा विषय अगदी सुरुवातीला येतो. विषय सोपा, शब्द ओळखीचे. तरी दोघांना समोरासमोर बसवलं की मिनिटभरात दोघंही एकमेकांकडे बघत गप्प. हे का होतं आणि त्यावर नेमकं काय करायचं, ते एका प्रकरणावरून बघू. प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. मराठी बोलणारे नवशिके जिथे हमखास अडतात, त्या जागा त्यात एकत्र आणल्या आहेत. इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

परिस्थिती

शिकणारे दोन. क या चाळिशीच्या गृहिणी. शाळेत इंग्रजी होतं, नंतर त्याच्याशी संबंध आला नाही. ख हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी. वाचलेलं बरंचसं कळतं, पण तोंड उघडायची वेळ आली की अडतो. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषेच्या ज्या सहा पातळ्या मांडल्या, त्यातल्या ए१ या पहिल्या पायरीवर दोघं आहेत. या पायरीचं वर्णन नीट वाचावं असं आहे: अगदी ओळखीच्या विषयांवर साधे प्रश्न विचारता येतात आणि उत्तरं देता येतात, पण समोरचा हळू बोलायला आणि पुन्हा सांगायला तयार असेल तर. म्हणजे समोरच्याचा वाटा या पायरीत धरलेलाच आहे. इथली गोची अशी, की समोरचाही त्याच पायरीवर आहे.

दोघांना काम दिलं होतं: फावल्या वेळाबद्दल पाच मिनिटं बोला. फळ्यावर तीस छंदांची यादी होती आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. मिळालं ते असं:

ख: व्हॉट इज युवर हॉबी?
क: माय हॉबी इज रीडिंग, सिंगिंग अँड गार्डनिंग.
ख: व्हेरी नाइस.
क: व्हॉट इज युवर हॉबी?
ख: माय हॉबी इज बॅडमिंटन अँड लिसनिंग म्युझिक.
क: व्हेरी नाइस.
(नऊ सेकंद शांतता)
ख: इन फ्री टाइम आय ॲम सीइंग मोबाइल.
क: मी ऑल्सो.
(बारा सेकंद शांतता)
ख: आता काय विचारायचं?

पाच मिनिटांचं काम एका मिनिटाच्या आत संपलं.

निदान

यावर नेहमीचा शेरा ठरलेला असतो: शब्द कमी पडतात, व्याकरण कच्चं आहे. तो इथे लागू होत नाही. समोर तीस शब्द लिहिलेले होते. चुका पाच-सहा झाल्या, पण त्यातल्या एकीमुळेही समोरच्याला अर्थ कळायचा राहिला नाही. संभाषण मेलं ते दुसऱ्या कारणाने, आणि ते कारण पहिल्याच उत्तरात आहे.

‘माय हॉबी इज रीडिंग’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. पण त्याची घडण बघा. एका बाजूला ‘हॉबी’, दुसऱ्या बाजूला ‘रीडिंग’, मध्ये ‘इज’. ही नुसती ओळख झाली. माणूस काही करतो आहे, असं या वाक्यात कुठेच येत नाही. त्यामुळे त्याला काही जोडता येत नाही. ‘आय रीड’ म्हटलं की पुढे ‘ॲट नाइट’, ‘इन बेड’, ‘एव्हरी डे’ आपसूक चिकटतात. ‘माय हॉबी इज रीडिंग’ला ‘ॲट नाइट’ चिकटवायला गेलं की वाक्य विचित्र होतं. बोलणाऱ्याला पुढे काही सुचत नाही आणि ऐकणाऱ्यालाही पुढचा प्रश्न सुचत नाही, कारण कधी, कुठे, कुणाबरोबर हे प्रश्न क्रियापदाला विचारायचे असतात, नामाला नाही. दोघांचं तोंड एकाच वाक्यामुळे बंद होतं.

मग नवशिके या वाक्याला इतके का धरून बसतात? पाठ्यपुस्तकातल्या निबंधाची सवय हे एक कारण. दुसरं आपल्या भाषेतलं आहे. मराठीत ‘मला शिवणकाम आवडतं’ म्हणताना आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी असते आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला असतो. इंग्रजीत माणूसच कर्ता: ‘आय लाइक’. ही उलटापालट पहिल्या पायरीवर जड जाते. ‘टु मी लाइक’, ‘मी लाइक’ असं काहीतरी तोंडातून निघतं, कुणीतरी हसतं, आणि मग माणूस चूक होऊच शकणार नाही अशा वाक्याचा आसरा घेतो. तो आसरा म्हणजे ‘माय हॉबी इज’.

दुसरा दोष वरवर दिसत नाही. क गात नाहीत. पुस्तकंही वाचत नाहीत. ‘रीडिंग, सिंगिंग, गार्डनिंग’ ही त्रयी त्यांनी शाळेत पाठ केलेली, तशीच बाहेर आली. ख ने ‘व्हॉट डू यू सिंग?’ असं विचारलं असतं, तर उत्तर नव्हतंच. सरावात खोटं बोलायला हरकत नाही असं पुष्कळ शिक्षक मानतात. ए१ पातळीवर मात्र हरकत आहे: नवं वाक्य जुळवणं हेच या पातळीवर पुरेसं कष्टाचं असतं, त्यात नवी माहिती रचायचं ओझं कशाला?

तिसरा दोष ‘व्हेरी नाइस’. कौतुकाचा सूर असला तरी संभाषणात त्याचं काम ‘बरं, झालं’ एवढंच होतं.

चुकांकडे शेवटी वळू. ‘आय ॲम सीइंग मोबाइल’ ही चूक बेशिस्तीची नाही. मराठीत रोजची सवय सांगताना आपण ‘मी मोबाइल बघत असतो’ म्हणतो. त्या ‘बघत असतो’चा सरळ जोड ‘ॲम सीइंग’शी लागतो. इंग्रजीत मात्र सवयीला साधा वर्तमानकाळ लागतो, आणि ‘ॲम’ लावून ‘-इंग’ आलं की ऐकणारा ‘आत्ता, या क्षणी’ असं समजतो. शिवाय मराठीतलं एकटं ‘बघणं’ इंग्रजीत ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ असं तीन ठिकाणी वाटलेलं आहे. व्हिडिओ, सामना, मालिका यांना ‘वॉच’. फोन नुसता हातात घेऊन बसण्याला ‘आय स्पेंड टाइम ऑन माय फोन’. ‘लिसनिंग म्युझिक’मध्ये ‘टू’ सुटला आहे. ‘मी ऑल्सो’च्या जागी ‘मी टू’ हवं. या चुका दुरुस्त करायच्या, पण आधी नाही.

बैठक पहिली: नामं काढून क्रियापदं

पंचवीस मिनिटांच्या चार बैठका ठरवल्या, एक दिवसाआड. पहिल्या बैठकीत फळ्यावरची यादी पुसली.

पहिली पाच मिनिटं मराठीत. मागच्या सुट्टीच्या दिवशी उठल्यापासून झोपेपर्यंत मोकळ्या वेळात खरोखर काय केलं, ते लिहा. प्रतिष्ठेचं काही शोधायचं नाही. दुपारी झोपलात तर ‘झोपलो’ लिहा. क यांच्या कागदावर आलं: मुलीचे कपडे शिवले, कुंड्यांना पाणी घातलं, मालिका बघितली, बहिणीशी फोनवर बोलले. ख च्या कागदावर: बॅडमिंटन खेळलो, व्हिडिओ बघितले, फोनवर गेम खेळलो, झोपलो. प्रत्येकी चार. यापेक्षा जास्त घेऊ नयेत. पुढची तीन सत्रं याच आठ गोष्टींवर निघतात, आणि माणसाला स्वतःचे चार शब्द पक्के आले की पाचवा तो स्वतःच विचारतो.

मग प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड. पुढच्या बाजूला मराठी शब्द किंवा साधं चित्र, मागच्या बाजूला इंग्रजी क्रियापद आणि त्याचं कर्म: ‘सो क्लोद्स’, ‘वॉटर द प्लांट्स’, ‘वॉच शोज’, ‘टॉक टु माय सिस्टर’, ‘प्ले बॅडमिंटन’, ‘वॉच व्हिडिओज’, ‘प्ले गेम्स ऑन माय फोन’, ‘स्लीप’. ‘सोइंग’, ‘गार्डनिंग’ अशी नामं कार्डावर येऊ द्यायची नाहीत. शिवण्याच्या शब्दाचं स्पेलिंग बघून क ‘स्यू’ म्हणतात. उच्चार ‘सो’ आहे, हे कार्डावर देवनागरीत लिहून ठेवायचं, नाहीतर चुकीचा उच्चार दोन दिवसांत मुरतो.

इथेच ‘प्ले’, ‘गो’ आणि ‘डू’ यांचा घोळ निघतो. चेंडूचे, पटावरचे आणि दोन बाजूंत होणारे खेळ ‘प्ले’: प्ले चेस, प्ले बॅडमिंटन. वाद्यालाही ‘प्ले’, बहुतेक वेळा मध्ये ‘द’ घालून: प्ले द गिटार. घराबाहेर जाऊन करायच्या ज्या गोष्टींच्या शेवटी ‘-इंग’ येतं त्यांना ‘गो’: गो स्विमिंग, गो रनिंग, गो सायकलिंग. मध्ये ‘टू’ नाही. ‘गो टु स्विमिंग’ ही ठरलेली चूक. योग, व्यायाम, कराटे यांना ‘डू’. आणि कित्येक गोष्टींना यातलं काहीच लागत नाही: आय ड्रॉ, आय कुक, आय सिंग. ‘आय डू ड्रॉइंग’ म्हणणाऱ्याला ‘आय ड्रॉ’ पुरतं, हे सांगितलं की त्याला हायसं वाटतं. हा नियम सगळा एकदम शिकवू नये. आठ कार्डांवर जे आलं असेल तेवढंच.

शेवटची दहा मिनिटं नुसतं कार्ड पालटणं. चित्र बघून तीन सेकंदांत ‘आय...’ने सुरू होणारं वाक्य. वेळेचा आग्रह महत्त्वाचा आहे, कारण आठवायला दहा सेकंद लागणारा शब्द संभाषणात असून नसल्यासारखा.

बैठक दुसरी: कान

वाचताना ‘व्हॉट डू यू डू इन युवर फ्री टाइम?’ दोघांनाही कळतो. सहज बोलीच्या वेगात हाच प्रश्न ‘वॉड्यु डू...’ असा कानावर येतो. पहिला ‘डू’ जवळजवळ विरून जातो. नवशिक्याला दोन ‘डू’ ऐकू यायची अपेक्षा असते आणि एकच ऐकू येतो, त्यामुळे तो प्रश्नाच्या मध्यातच हरवतो.

म्हणून या बैठकीत उत्तरं द्यायचीच नाहीत. प्रत्येकाकडे चार चिठ्ठ्या: कधी, कुठे, कुणाबरोबर, किती वेळा. शिकवणारा बारा प्रश्न म्हणतो. प्रत्येक प्रश्न तीन वेळा, आधी बोलीच्या वेगात, मग मध्यम, मग शब्द सुटे करून. ऐकणारा चिठ्ठी उचलतो. क्रम उलटा करू नये. हळू म्हटलेलं आधी ऐकवलं की वेगातलं ऐकायची गरजच उरत नाही.

इथे एक अपघात हमखास होतो. ‘व्हॉट डू यू डू’ एवढंच पकडून क उत्तर देतात, ‘आय ॲम हाउसवाइफ’. त्यांची चूक नाही. शेपूट नसलेला ‘व्हॉट डू यू डू?’ हा प्रश्न खरोखर कामधंद्याचाच असतो. छंदाचा अर्थ येतो तो शेपटातून: ‘इन युवर फ्री टाइम’, ‘ऑन द वीकेंड’, ‘फॉर फन’. तेव्हा कान शेवटी लावायला शिकवायचा. तेच प्रश्न कधी शेपटासह, कधी शेपटाविना म्हणा आणि ‘काम की मोकळा वेळ’ एवढंच विचारा. ‘व्हॉट आर युवर हॉबीज?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण मुलाखतीसारखा वाटतो. सहज गप्पांत ‘वीकेंड’वाला जास्त कानावर पडतो आणि त्याचं उत्तर मुकाट्याने क्रियापदाने सुरू होतं, हा आमच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण.

याच बैठकीत सुटकेची तीन वाक्यं पाठ: ‘सॉरी?’, ‘कॅन यू से दॅट अगेन?’, ‘स्लोली, प्लीज.’ ए१ पायरीच्या वर्णनातच पुन्हा सांगणारा समोरचा गृहीत धरलेला आहे, तर तसं सांगायला लावण्याची हत्यारं शिकणाऱ्याच्या हातात हवीत.

बैठक तिसरी: उत्तर, भर, उलट प्रश्न

आता बोलणं. प्रत्येक पाळीत तीन तुकडे: विचारलेल्याचं उत्तर, त्यावर एक जादा गोष्ट, आणि चेंडू परत. ‘आय सो क्लोद्स. फॉर माय डॉटर. हाउ अबाउट यू?’ जादा गोष्टीसाठी आठ तयार तुकडे दिले: इन द ईव्हनिंग, ॲट नाइट, ऑन संडेज, एव्हरी डे, ट्वाइस अ वीक, ॲट होम, विथ माय फ्रेंड्स, बाय मायसेल्फ. यातले ‘इन’, ‘ॲट’, ‘ऑन’ का, हे समजावत बसू नये. तुकडा अख्खा गिळायचा. ‘आठवड्यातून दोनदा’च्या धर्तीवर ‘इन वीक टू टाइम्स’ म्हणणाऱ्याला नियम सांगून फरक पडत नाही, ‘ट्वाइस अ वीक’ दहा वेळा म्हणून पडतो.

विचारणाऱ्यासाठी चार आकडे, म्हणजे बोलणं पुढे ओढणारे छोटे प्रश्न: ‘व्हेन?’, ‘व्हेअर?’, ‘हू विथ?’, ‘हाउ ऑफन?’ नियम एकच, ‘व्हेरी नाइस’ बंद. त्याऐवजी ‘ओ, रिअली?’ आणि लगेच एक आकडा. पूर्ण प्रश्नाचा हट्ट धरू नये. ‘हू डू यू प्ले विथ?’मध्ये ‘विथ’ शेवटी ठेवायला नवशिक्याची दमछाक होते, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही गप्पांत ‘हू विथ?’ एवढंच म्हणतात.

‘व्हाय’ या यादीत मुद्दाम नाही. शिक्षकांना तो प्रश्न खोल वाटतो, म्हणून ते तो लगेच विचारतात. पण ‘व्हाय डू यू लाइक इट?’ला मातृभाषेतही चटकन उत्तर सुचत नाही. ए१चा माणूस ‘बिकॉज आय लाइक इट’ म्हणून मोकळा होतो आणि पुन्हा शांतता. ‘इज इट हार्ड?’ किंवा ‘व्हॉट काइंड?’ विचारलं तर तोच मुद्दा निघतो आणि उत्तर हाताशी असतं.

रचना भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लिखाणातून सर्वज्ञात झालेल्या ४/३/२ या सरावाची. मूळ पद्धतीत तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना अनुक्रमे चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगायची असते. ए१ला चार मिनिटं म्हणजे छळ. इथे नव्वद, साठ आणि पंचेचाळीस सेकंद घेतले. श्रोता बदलणं मात्र सोडायचं नाही. त्याच माणसाला तेच दुसऱ्यांदा सांगताना बोलणाऱ्यालाच ओशाळं वाटतं. जोडीच असेल तर पहिल्यांदा जोडीदार, मग शिकवणारा, मग फोनचा रेकॉर्डर. दुसरी फेरी अडखळत गेली असेल तर तिसरी पंचेचाळीसवर आणू नका, साठच ठेवा. घाई झाली की नवशिके आधी क्रियापद गाळतात, आणि क्रियापदासाठी तर हा सगळा खटाटोप.

शांततेचं काय करायचं? रोजच्या गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण पाव सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ जातो. २००९ साली दहा भाषांच्या तुलनेतून हेच दिसलं. त्या सवयीच्या समोरच्याला नवशिक्याचे चार सेकंद युगासारखे वाटतात आणि तो मदतीला धावतो, म्हणजे उत्तरच देऊन टाकतो. वर्गातल्या शिक्षकांच्या प्रतीक्षेवर मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात काम केलं. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब होत. तो अभ्यास विज्ञानाच्या वर्गांचा होता, पण इथे तो जास्तच लागू पडतो. शिकवणाऱ्याने मनात पाच आकडे मोजावेत. शिकणाऱ्याला ‘उम्म’, ‘वेल...’, ‘लेट मी थिंक’ द्यावेत, म्हणजे पाळी आपल्याकडे ठेवून विचार करता येतो. नुसतं गप्प राहिलं की पाळी हातची जाते.

या बैठकीत एक गोष्ट बिघडली. दोघं आकडे ओळीने टाकू लागले: व्हेन, व्हेअर, हू विथ, हाउ ऑफन, अशी सरबत्ती. गप्पांची उलटतपासणी झाली. त्यावर उपाय दोन. लागोपाठ दोनपेक्षा जास्त प्रश्न नाहीत, तिसऱ्या वेळी स्वतःचं काहीतरी सांगायचंच. आणि बोलण्याला हेतू द्यायचा: ‘दोघंही करता अशी एक गोष्ट शोधा’ किंवा ‘दोघंही मोकळे असाल असा एक दिवस शोधा’. शोधायला काहीतरी असलं की प्रश्न आपोआप निवडक होतात.

दुरुस्ती कधी, किती

बोलणं चालू असताना नाही. कागदावर टिपायचं आणि शेवटी प्रत्येकी फक्त दोन चुका घ्यायच्या. निवड अशी: आधी गाळलेलं क्रियापद, मग अर्थ बदलणारा शब्द. ‘आय ॲम बोरिंग’ याच दुसऱ्या गटात. ख ला कंटाळा आलाय असं म्हणायचं होतं, बोलला मात्र ‘मी कंटाळवाणा आहे’. ‘बोअर्ड’ आणि ‘इंटरेस्टेड’ माणसाला, ‘बोरिंग’ आणि ‘इंटरेस्टिंग’ गोष्टीला, एवढं पुरे. ‘अ’, ‘द’ आणि अनेकवचनाचा ‘स’ या पायरीवर सोडून द्यावेत.

दुरुस्ती करायची कशी, यावर भाषाशिक्षणाचे संशोधक लिस्टर आणि रांटा यांचा १९९७चा अभ्यास उपयोगी आहे. शिक्षक बहुतेक वेळा चुकलेलं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणतात, आणि शिकणारा ते लक्षातही न घेता पुढे जातो. त्यापेक्षा वाक्य चुकेपर्यंत म्हणून थांबावं: ‘आय ॲम सीइंग...?’ ख दोन सेकंदांत ‘आय वॉच’वर येतो, कारण कार्ड त्याचंच आहे.

चौथ्या बैठकीच्या आरंभी आणखी एक लहान काम: जोडीदाराबद्दल तिसऱ्याला सांगा. ‘ही प्लेज बॅडमिंटन. शी सोज क्लोद्स.’ तृतीय पुरुषाचा तो छळणारा ‘स’ वेगळा धडा न घेता इथे उगवतो. निम्म्या वेळा सुटेल. सुटू द्या.

बैठक चौथी: तेच काम पुन्हा

क: व्हॉट डू यू डू ऑन द वीकेंड?
ख: आय प्ले बॅडमिंटन. अँड आय स्लीप. हाउ अबाउट यू?
क: उम्म... आय सो क्लोद्स. फॉर माय डॉटर.
ख: ओ, रिअली? हाउ ऑफन?
क: एव्हरी संडे. आफ्टर लंच. यू प्ले बॅडमिंटन... हू विथ?
ख: विथ टू फ्रेंड. निअर माय कॉलेज.
क: व्हेन?
ख: सॉरी?
क: व्हेन डू यू प्ले?
ख: आ... इन द मॉर्निंग. ॲट सिक्स. आय ऑल्वेज लूज.
क: (हसत) मी टू... नो, नो. आय डोंट प्ले. आय वॉच ऑन टीव्ही.
ख: डू यू लाइक?
क: येस, आय लाइक. इट इज फास्ट.
ख: वुड यू लाइक टु प्ले विथ अस?
क: येस, आय लाइक. एव्हरी संडे.
(ख गोंधळून थांबतो)

चुका मोजल्या तर पहिल्या संभाषणाइतक्याच भरतील. म्हणून चुका मोजूच नयेत. मोजायच्या तीन गोष्टी: इंग्रजीतल्या पाळ्या आठवरून पंधरावर गेल्या, समोरच्याच्या उत्तराला धरून विचारलेले प्रश्न शून्यावरून चारवर, आणि सर्वांत लांब शांतता बारा सेकंदांवरून चारवर. ही मोजणी रेकॉर्डिंगवरून शिकणाऱ्यांनीच करावी.

सगळ्यात मोलाची जागा पाचवी पाळी. ख ने मागे उच्चारलेलं बॅडमिंटन क यांनी लक्षात ठेवून परत काढलं. हे कुठल्याही कार्डावर नव्हतं. ‘आय ऑल्वेज लूज’ही कुणी शिकवलेलं नाही, खरी गोष्ट हातात होती म्हणून ती निघाली.

‘डू यू लाइक?’ आणि ‘आय लाइक’ यात ‘इट’ नाही. मराठीत ‘आवडतं का?’, ‘आवडतं’ एवढ्यावर भागतं, इंग्रजीत ‘लाइक’नंतर काहीतरी लागतंच. ‘लाइकिट’ असा एकच शब्द असल्यासारखा घोटून घेतला तर लवकर बसतो.

शेवटचा गोंधळ जास्त महत्त्वाचा. ‘डू यू लाइक’ ही आवडीची चौकशी, ‘वुड यू लाइक टू’ हे आमंत्रण. क यांच्या कानाने ‘लाइक’ पकडला आणि ‘वुड’ सोडला, त्यामुळे आमंत्रणाला आवडीचं उत्तर गेलं. पुढच्या बैठकीचा पहिला भाग यावरच: दहा प्रश्न मिसळून म्हणायचे, ‘डू’ आला तर मान हलवायची, ‘वुड’ आला तर वहीतल्या आठवड्याच्या तक्त्यावर बोट ठेवायचं. ते न चुकता जमलं की उत्तरं: ‘आय’ड लव्ह टू’, किंवा ‘सॉरी, आय कान्ट. आय’म बिझी ऑन संडे.’ नकार आधी शिकवावा, कारण अडचण नकार देतानाच येते. ‘व्हॉट डिड यू डू लास्ट वीकेंड?’ हा भूतकाळाचा प्रश्न त्यानंतरच. आधी आणला तर ‘आय डिड प्लेड’ सुरू होतं आणि नुकतंच बसलेलं ‘आय प्ले’ही डळमळतं.